आधी बत्ती, मग गाडी

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये अर्धा तास बसा. फ्लॅटचे भाव, ऑनसाइट आणि अप्रेझलचं रडगाणं संपलं की चौथा विषय हल्ली हमखास कॅराव्हॅनचा निघतो. हॉटेल बुकिंगची कटकट नको, चेक-आउटची घाई नको, जिथे आवडलं तिथे मुक्काम. घरच सोबत! कुणीतरी लगेच मोबाइलवर न्यूझीलंडचा फोटो दाखवतं. हिरवा डोंगर, निळं तळं, पांढराशुभ्र ट्रेलर आणि त्याच्या पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसलेली बाई. बॉस, आपल्याला हेच पाहिजे!

पाहिजे ना, कोण नाही म्हणतंय? राज्य सरकारनंसुद्धा २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फक्त त्या फोटोत दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत. तो ट्रेलर तिथपर्यंत कुठल्या गाडीनं ओढत आणला, आणि त्या बाईच्या कॉफी मशीनला करंट कुठून मिळाला?

माझी कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा याच फोटोच्या प्रेमात पडलेत. दोघं खराडीत नोकरीला, दोन वर्षांची गोड मुलगी, दारात एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही. नवऱ्यानं एका कंपनीकडे ट्रेलर बुक केलाय, पहिला हप्ता भरून झालाय आणि दुसरा, म्हणजे मोठा हप्ता भरायचाय. ट्रेलरमध्ये एसी हवा यावर तो ठाम आहे, कारण 'पिल्लूला गरम होईल'. मैत्रीण फायनान्समध्ये असल्यामुळे तिला सगळ्याचा हिशोब कागदावर लागतो आणि तो कागद काही तिला कुणी दिलेला नाही. यंदा फाल्गुनात मी तमाशाच्या सीझनवर लिहायला नारायणगावला निघाले, तेव्हा दोघं म्हणाले, आम्हीही येतो, खोडदजवळ एक शेत बघायचंय, ट्रेलर लावायला. म्हटलं, चला. पेट्रोल तुमचं, गप्पा माझ्या.

चाकांवरचं गाव

नारायणगाव पुण्यापासून साधारण पंचाहत्तर किलोमीटर, पुणे-नाशिक हायवेवर. आता बायपास झाल्यामुळे बरेच जण गावाला बाहेरूनच टाटा करून पुढे सटकतात. तुम्ही तसं करू नका. जुन्या रस्त्यानं गावात शिरा. टोमॅटोच्या क्रेटनी गच्च भरलेले पिकअप, मीना नदीवरचा पूल, द्राक्षांच्या बागा, रसवंत्या... आणि गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत गेलात तर रस्त्याच्या कडेला ओळीनं लागलेल्या राहुट्या.

या राहुट्या म्हणजे तमाशा फडांची तात्पुरती ऑफिसं. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात आणि यात्रेला तमाशा लागतोच. मग त्या त्या गावच्या कमिटीची मंडळी जीपगाडी करून नारायणगावात येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की करून सुपारी देतात. प्रत्येक राहुटीत एक मॅनेजर आणि त्याच्यापुढे एक जाडजूड डायरी. कॉर्पोरेट भाषेत सांगायचं तर बी-टू-बी मार्केट! फक्त पॉवरपॉइंटच्या जागी पान-सुपारी. नारायणगावला 'तमाशाची पंढरी' म्हणतात ते काही उगाच नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. विठाबाई २००२ मध्ये गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडे सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा पब्लिकसमोर उभ्या राहिल्या. ज्या माणसांचं बाळंतपणसुद्धा मुक्कामाच्या तंबूत होत आलं, त्यांना 'घर सोबत घेऊन फिरणं' म्हणजे काय हे आपण काय सांगणार?

कारण ढोलकी फडाचा मोठा तमाशा म्हणजे चाकांवरचं गाव असतं. दसऱ्याच्या आसपास बाहेर पडायचं आणि बुद्धपौर्णिमेच्या पुढेमागे परतायचं. कलाकार, वादक, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर अशी शंभराच्या वर माणसं. स्टेज, कनाती, लोखंडी खांब, कपड्यांच्या पेट्या, भांडीकुंडी, साउंड, लाइट. आज रात्री या गावात वग, उद्या दुपारी तिथेच हजेरी, की लगेच सगळं गुंडाळून दुसऱ्या गावाला. पूर्वी हा सगळा बाडबिस्तरा बैलगाड्यांवरून चालायचा आणि बोर्डावर उजेड मशालींचा, नंतर गॅसबत्त्यांचा असायचा. आता ट्रक आहेत आणि जनरेटर आहे.

मी आपली मॅनेजरशी सुपाऱ्यांचे आकडे काढत बसले होते. (आकडा काही सांगितला नाही, चहा मात्र दोनदा पाजला.) तेवढ्यात मैत्रिणीचा नवरा राहुटीमागे उभ्या असलेल्या ट्रककडे गेला. त्यावर जनरेटर होता आणि जनरेटरशेजारी, बनियनवर, ग्रीसचे हात पुसत एक मामा. पन्नाशी-पंचावन्नचे. सगळा फड त्यांना मामाच म्हणतो, म्हणून आम्हीही.

मामांचा फंडा

नवऱ्यानं मोबाइल काढून ट्रेलरचे फोटो दाखवले. आतली गादी, छोटं किचन, फोल्डिंग टेबल. मामांनी कौतुकानं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाहुणं, रातीला बत्त्या किती जळणार?"

नवरा म्हणाला, गाडी भारी आहे, ओढेल. मामा म्हणाले, "गाडीचं मागून बघू. आधी बत्तीचा हिशोब. बत्तीवर जनरेटर ठरतो, जनरेटरवर वजन ठरतं आन् वजनावर गाडी. तुम्ही गाडीपासून सुरू केलं, म्हंजी नवरीच्या आधी वरात."

मग त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. पूर्वी स्टेजवर हजार वॉटचे हॅलोजन असायचे. असे वीस लावले की नुसत्या उजेडालाच २० किलोवॉट. साउंडचे धरा १०. झाले ३०. पण जनरेटर किलोवॉटमध्ये मिळत नाही, केव्हीएमध्ये मिळतो, आणि साध्या हिशोबात केव्हीएच्या शेकडा ऐंशी एवढेच किलोवॉट हाती लागतात. म्हणजे ३० किलोवॉटला साडेसदतीस केव्हीए. त्यात मशीन कधी पूर्ण ताणायचं नसतं, पाव हिस्सा मोकळा ठेवायचा, की आकडा पन्नासवर जातो. बाजारात त्याच्या वरचं माप साडेबासष्ट. म्हणून साडेबासष्टचं धूड, त्याला तसाच ट्रक, त्या ट्रकला तसंच डिझेल.

मग एलईडी आले. तेच वीस दिवे आता दीड-पावणेदोनशे वॉटमध्ये भागतात. उजेडाचे २० किलोवॉट होते ते साडेतीनवर आले. साउंडचे १० धरून साडेतेरा. तोच हिशोब पुन्हा लावला की २५ केव्हीएचं मशीन पुरतं. "मशीन बदललं तवा मालक म्हणले, मामा, ट्रक बी लहान चालंल की! म्हणलं, त्याच्यासाठीच तर बत्ती बदलली." आणि उगाच मोठा जनरेटर घ्यायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. डिझेल मशीन सारखं कमी लोडवर चालवलं तर आत कार्बन धरतं आणि काळा धूर ओकायला लागतं.

हा फंडा घरी नेण्यासारखा आहे. आपण शोरूममध्ये जातो, ट्रेलर आवडतो, मग त्यात काय काय बसवता येईल ते विचारतो आणि सगळ्यात शेवटी आपल्या गाडीला तो झेपेल का याची काळजी करतो. मामांची वाट बरोबर उलटी.

उलाळ!

राहुटीत एक आजोबा बाकावर पडून आमचं ऐकत होते. एकेकाळी ढोलकी वाजवायचे, आता फडाबरोबर नुसते असतात. लहानपणी त्यांनी फडाच्या बैलगाड्या हाकल्या होत्या. ते उठून बसले आणि म्हणाले, "वजन किती ते सांगितलंस, कुठं ठेवायचं ते कोण सांगणार?"

बैलगाडीत माल भरताना मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं आणि गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर, बैल दोन कोसांत बसतो. जुवावर हात ठेवून दाबून बघायचं. जरासं जड लागलं पाहिजे, पण जरासंच. "तेवढं जमलं की बैलाला गाडी कळत न्हाय," आजोबा म्हणाले.

आता गंमत बघा. ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या कपलिंगवर किती भार यावा, याचे नियम जगभर छापलेले आहेत. युरोपात साधारणपणे ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या शेकडा ५ ते ७ सांगतात, अमेरिकेत १० ते १५. त्याहून कमी झाला, म्हणजे मागे जास्त वजन गेलं, तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि त्या हेलकाव्यात पुढच्या गाडीलाही ओढतो. जास्त झाला तर गाडीची मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही बिघडतात. आजोबांच्या उलाळचं हे इंग्रजी भाषांतर! म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस ही जड मंडळी ट्रेलरच्या चाकांच्या जवळ आणि तळाशी ठेवायची. वरच्या कपाटात कपडे आणि चिप्सची पाकिटं.

ब्रेकची गोष्टही याच पोटातली. युरोपात साडेसातशे किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यावर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. तुमचा ट्रेलर त्या वजनापुढचा असेल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, एसीचा नंतर. नारायणगावहून आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटाकडे जायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो घाट उतरताना मागून हजार किलो ढकलत असतात. लोअर गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. आणि रिव्हर्सचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा, कारण स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. दोन ट्रॉल्या लावून उसानं भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला नेणारी या भागातली पोरं बघितली की मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात. त्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, तेव्हा पाय धरायचा विचार रद्द होतो. असो.

नऊशेचे तेराशे

दुपारी जेवायला बसलो आणि मैत्रिणीनं बिलाच्या पाठीमागे रकाने आखले. त्यांच्या एसयूव्हीचं स्वतःचं वजन १,२५० किलो. ब्रिटनमध्ये नवख्या लोकांना एक साधा सल्ला देतात. भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या शेकडा ८५ च्या आत ठेवा. म्हणजे यांच्यासाठी साधारण १,०६२ किलो. त्याच्या वर आणखी एक अट असते, ती म्हणजे गाडीच्या कंपनीनं ठरवलेली ओढण्याची मर्यादा. आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत ती छापलेलीच नसते. ती लेखी मागून घ्यायची. 'अहो, आरामात ओढते' हे सेल्समनचं वाक्य म्हणजे लेखी नव्हे.

ट्रेलरच्या ब्रोशरमध्ये ९०० किलो लिहिलंय. नवऱ्याचा चेहरा खुलला. पण ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. आता भरा! दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा, १२० किलो. पाण्याची शंभर लिटरची टाकी, म्हणजे शंभर किलो, पाणी इथे तरी हिशोबात सरळ आहे. घरगुती गॅस सिलिंडर भरलेला ३०. एक टनाचा एसी ४०. छोटा फ्रिज २०. पोर्टेबल जनरेटर २५. गाद्या, कपडे, भांडी, खुर्च्या, पिल्लूचं सामान आणि नवऱ्याचा कॅरम बोर्ड मिळून ८०. बेरीज १,३१५. म्हणजे अडीचशे किलो जास्त! ब्रोशरमधला आकडा खोटा नव्हता, फक्त त्यात कुणी राहत नव्हतं.

बरं, एवढं ओझं वाहून एसी चालणार किती? दोन बॅटऱ्यांची मिळून साठवण ३.६ युनिट. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून वापरायचे १.८. इन्व्हर्टर त्यातलं थोडं खातो, हाती येतात दीड. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत सरासरी सहाशे वॉट धरले, तर दीड युनिटमध्ये अडीच तास. रात्री अकराला लावला की दीडला पिल्लू रडत उठणार. मग जनरेटर. आणि जनरेटरबद्दल मामांनी आधीच दम भरला होता की झोपायच्या जागेजवळ, खिडकीखाली किंवा आडोशाला तो कधी लावायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. "आमचं मशीन तंबूपासून लांब आन् वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वायर जास्त लागली तरी लागू द्या."

मग मैत्रिणीनं बत्तीपासून सुरुवात केली. डीसी पंखा ३० वॉट, आठ तास, २४० वॉट-अवर. आतले तीन छोटे एलईडी पाच तास, ९०. बाहेरचा दहा वॉटचा दिवा रात्रभर, १००. लॅपटॉप चार तास, २४०. ('लॅपटॉप कशाला?' 'सोमवारचा कॉल तू घेणार का?') मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून ५०. बेरीज ७२०, पाऊण युनिटच्या आत. फ्रिजच एकटा रोज साडेचारशे मागतो, तो काढला, त्याच्या जागी बर्फाचा डबा. एवढ्याला शंभर अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी पुरते, हजार वॉट-अवर आरामात देते आणि वजन असतं बारा किलो. छपरावर दोनशे वॉटचे सोलर पॅनल, २२ किलो. कडक उन्हाच्या दिवशी ते सातआठशे वॉट-अवर परत भरतात. (जुन्नरच्या पावसाळ्यात मात्र त्यांच्यावर विसंबू नका. ढगांना धोरण-बिरण कळत नाही.)

एसी गेला, जनरेटर गेला, फ्रिज गेला, बॅटऱ्यांचे १०८ किलो वाचले. पाण्याची टाकी चाळीस लिटरची, सिलिंडर छोटा. बेरीज १,०६७. मर्यादेपेक्षा पाच किलो जास्त. मैत्रिणीनं काही न बोलता कॅरम बोर्डावर काट मारली. १,०५८!

नवऱ्यानं पिल्लूकडे बघून शेवटचा प्रयत्न केला, "पण मे महिन्यात?" मैत्रीण म्हणाली, "मे महिन्यात आपण आजीकडे जातो."

लिहिताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ट्रेलर घरच्यासारखा भरून, पाणी ओतून, एखाद्या वजनकाट्यावर नेल्याशिवाय कागदावर भरवसा ठेवू नये. नारायणगावसारख्या बाजाराच्या गावात ट्रक तोलणारे काटे असतातच. पूर्ण ट्रेलर एकदा आणि फक्त पुढचं टोक एकदा, दोन्ही मोजून घ्या. आणखी एक कागदी काम. आपल्या कायद्यात ट्रेलरची वेगळी नोंदणी होते, त्याला स्वतःचा नंबर मिळतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्या पाठीवर दिसावा लागतो. विमा उतरवतानाही ट्रेलर आहे हे स्पष्ट सांगा.

डिश, बिबट्या आणि बाहेरचा दिवा

खोडदच्या वाटेवर दुपारच्या उन्हात त्या पांढऱ्या जाळीदार डिश दिसायला लागल्या की ड्रायव्हर गाडी आपोआप हळू करतो. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा खोडदजवळ दाटीवाटीनं, बाकीच्या सोळा इंग्रजी 'वाय'च्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून निघालेली ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या इतक्या क्षीण रेडिओ लहरी ऐकते, की आपल्या गाड्यांच्या प्लगची ठिणगी, मोबाइल आणि स्वस्तातले इन्व्हर्टर यांचा तिला गोंगाट वाटतो. बुकिंगच्या नादात 'मिळेल तो इन्व्हर्टर' घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चांगल्या, शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरला चार पैसे जास्त पडतात, पण लॅपटॉपचं चार्जर तापत नाही आणि पंखा घरघरत नाही. शेजारी दुर्बीण असो वा नसो.

शेताचा मालक तिशीतला, द्राक्ष आणि टोमॅटो करणारा. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाल्यापासून त्याच्या डोक्यात पाहुण्यांसाठी जागा करायचं आहे. आंब्याखाली सपाट जागा, पाण्याचा नळ, जरा बाजूला संडास. सगळं छान. नवऱ्यानं एवढंच विचारलं की लाइट मिळेल का. मालक हसला. "शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की मीच बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो आणि घरचे जागे राहतात."

जागे राहतात ते बिबट्यामुळे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या जन्मतो, वाढतो, ऊस हेच त्याचं जंगल. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, वनखात्याचे पिंजरे लागतात, आणि तरीही या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलंही. शेतीला दिवसा वीज द्या ही इथल्या लोकांची मागणी बिलाबद्दलची नाही. मालकानं आम्हाला नियम सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात पाहुण्यांसाठीचं हसू नव्हतं. अंधार पडला की पोरगी दाराच्या बाहेर नाही, अंगणातसुद्धा नाही. उघड्यावर झोपायचं नाही. खरकटं बाहेर टाकायचं नाही, त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. संडासला जाताना दोघांनी जायचं, मोठ्यानं बोलत. आणि दाराबाहेरचा दिवा रात्रभर चालू.

मैत्रिणीनं पर्समधून तो बिलाचा कागद काढला. बाहेरच्या दिव्याचे १०० होते तिथे २०० केले, म्हणजे दोन बाजूंना दोन दिवे. एकूण ८२०. बॅटरी तरीही पुरत होती. एसीच्या वेळी तासभर वाद घालणारा नवरा यावेळी काही बोलला नाही. त्यानं पिल्लूला कडेवर घेतलं आणि उसाच्या फडाकडे पाठ करून उभा राहिला.

परतताना पुन्हा राहुटीत थांबलो, मला मॅनेजरकडून दोन तारखा हव्या होत्या. मामा ट्रकच्या टपावर बसून चहा पीत होते. नवऱ्यानं कागद दाखवला. त्यांनी बेरीज तपासली नाही, वेगळंच विचारलं, "वर्साच्या किती राती बाहेर असणार?"

नवरा म्हणाला, पंधरा. फार तर वीस.

मामांनी २०२०ची गोष्ट सांगितली. पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झालं. यात्रांचा सीझन दारात आणि सगळं ठप्प. पुढच्या वर्षीही तेच. "गाड्या उभ्या ऱ्हायल्या. फिरणारी गाडी खाते त्याच्यापेक्षा उभी गाडी जास्त खाती, ताई. टायर उन्हानं तडकले, बॅटऱ्या बसल्या, उंदरानं वायरी कुरतडल्या. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला." त्या दोन वर्षांत फडातल्या कितीतरी माणसांनी शेतावर मजुरी केली. मामा दर आठ दिवसांनी येऊन जनरेटर अर्धा तास सुरू करायचे, ऐकायला कुणी नसताना. डिझेल स्वतःच्या पैशानं.

तेव्हा ट्रेलर घेणाऱ्यांनी हा रकाना पण आखावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो कुठे उभा राहणार? साडेतीनशे रात्री त्याची बॅटरी कोण चार्ज करणार? वर्षाला पंधरा रात्रींसाठी भाड्यानं घेतलं तर काय पडतं? माझ्या मते बहुतेकांनी आधी दोन-तीनदा भाड्यानं घेऊन बघावं. आमच्या या दोघांनी मात्र पहिला हप्ता भरलाय आणि नवऱ्याचं मन भरलेलं नाही.

सोमवारी सकाळी मैत्रिणीनं ट्रेलरच्या कंपनीला मेल टाकली. एसी नको, फ्रिज नको, लिथियम बॅटरी एक, बाहेर दोन दिवे, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, आणि भरलेल्या ट्रेलरचा कपलिंगवर किती किलो भार येईल ते लेखी कळवावं. दुसरी मेल गाडीच्या कंपनीला, ओढण्याची मर्यादा लेखी द्या म्हणून. ट्रेलरवाल्यांचं उत्तर बुधवारी आलं. एसी काढल्यास किमतीत सवलत मिळणार नाही, असं त्यात होतं. भाराबद्दल एक अक्षर नाही. गाडीवाल्यांचं उत्तर अजून यायचंय. दुसरा हप्ता तोवर बँकेतच आहे.